उजव्या हाताच्या जागा

चिखली डेपोत दयाराम अवसरमोल ड्रायव्हरबद्दल दोन गोष्टी नव्या कंडक्टरला पहिल्याच आठवड्यात सांगितल्या जात. एक, या माणसाच्या हातून अख्ख्या नोकरीत कुणाच्या कोंबडीलाही धक्का लागलेला नाही. दुसरी, याच्यासमोर डफडं चालत नाही. रस्त्यात वरात आडवी आली आणि तिच्यापुढे डफडं असलं, की दयाराम एस.टी. कडेला घेत, इंजिन बंद करत, खिडकीची काच सरकवून घेत आणि वरात दिसेनाशी होईपर्यंत दगडासारखे बसून राहत. प्रवासी कुरकुरले की म्हणत, “गाडी महामंडळाची हाय, कान माह्ये हायत.” यापुढे कुणी बोलायला धजत नसे. माणूस रागीट नव्हता, पण त्याचं एकदा ‘नाही’ झालं की डेपो मॅनेजरच्या बापालाही त्याचं ‘हो’ करता येत नसे.

आणि अशा माणसाच्या पोटी ड्रम वाजवणारा पोरगा जन्माला आला. आता याला काय म्हणावं?

अश्वजित चिखलीतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करतो. कॉलेजात असताना गॅदरिंगच्या निमित्तानं त्याच्या हातात काड्या आल्या आणि मग त्या सुटल्याच नाहीत. त्यानं औरंगाबादहून जुना ड्रमसेट टेम्पोत घालून आणला, त्या दिवशी सिंधूताई, म्हणजे त्याची आई, देव्हारा नसलेल्या घरात मनातल्या मनात त्रिसरण म्हणत उभी होती. दयाराम ड्युटीवरून आले. अंगणात मांडलेल्या त्या डब्यांभोवती त्यांनी एक फेरी मारली, टायर तपासावा तसं एकावर बोट वाजवून पाहिलं.

“कातडं हाय का हे?”

“नाई पप्पा, प्लॅस्टिक हाय.”

“मंग वाजव,” म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. सिंधूताईंचा जीव भांड्यात पडला.

त्या एका शब्दात, ‘कातडं’ या शब्दात, अवसरमोलांच्या घराचा सगळा इतिहास बसलेला होता. दयारामांचे आजोबा रंगराव हे डोणगावच्या पुढच्या एका आडगावात डफडं वाजवायचे. वाजवायचे म्हणजे काय, त्यांना वाजवावंच लागायचं. गावात कुणाचं लग्न निघो, पोळा फुटो की कुणी मरो, निरोप आला की गळ्यात डफडं अडकवायचं आणि सगळ्यांच्या पुढे पण सगळ्यांपासून लांब चालायचं. वाजवून झालं की दाराशी उभं राहून शिळं मागायचं. छपन्न सालच्या धम्मदीक्षेनंतर वस्तीनं ठरवलं की हे आता बंद. मेलेलं ढोर ओढायचं नाही, शिळं मागायचं नाही, डफडं वाजवायचं नाही. रंगरावांनी डफड्याचं कातडं विळ्यानं फाडलं, लाकडी कडं मोडून चुलीत घातलं आणि त्या जाळावर त्या दिवशीच्या भाकरी झाल्या. पुढं गावातलं एक मोठं माणूस गेलं, बोलावणं आलं, रंगराव गेले नाहीत. मग त्या घराला किराण्याचं दुकान बंद झालं, शेतातलं काम बंद झालं, आणि घर खडी फोडून जगलं. दयारामांचे वडील सहदेव ही हकीकत जेवताना सांगत, आणि सांगताना घास हातात तसाच राहत असे. दयाराम यावरच वाढले होते. कान बंद करून घेणं हा त्यांचा हट्ट नव्हता, ती त्यांच्या घराची इस्टेट होती.

प्लॅस्टिकला मात्र हरकत नव्हती.

तर अश्वजितच्या बँडचं नाव ‘कोरडवाहू’. कुणाच्या लग्नात वाजवणार नाही, दुसऱ्याची गाणी म्हणणार नाही, स्वतःच लिहायचं, स्वतःच चाल लावायची, असा त्यांचा बाणा. गिटारवर शौनक, एका कोर्टातल्या कारकुनाचा मुलगा. गाणी लिहिणारी आणि म्हणणारी प्रतीक्षा, जी दिवसा अकरावी-बारावीला गणित शिकवते. तिसरा अश्वजित. बेस गिटार वाजवणारा दर दिवाळीला बदलत असे, कारण चिखलीत बेस वाजवणाऱ्याला पुण्यात नोकरी लागतेच लागते. शौनकच्या मामाची एक बंद पडलेली दालमिल होती. तिच्या शेडमध्ये भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवून त्यांनी तालमीची जागा केली. सिंधूताई एकदा डबा द्यायला गेल्या आणि ऐकून आल्या. “बोंबलतात लय,” त्यांनी घरी अहवाल दिला, “पन शब्द चांगले हायत पोरीचे.”

बऱ्याच वर्षांच्या बोंबलण्यानंतर त्यांचा पहिला अल्बम तयार झाला. नाव ‘विनंती थांबा’. पुण्याची एक लहानशी कंपनी तो बाहेर काढणार होती. त्यातलं शेवटचं गाणं होतं ‘स्टेअरिंग’, आणि ही सगळी गोष्ट त्या गाण्याची आहे.

लहानपणी शाळेला सुट्टी लागली की अश्वजित बापाबरोबर एस.टी.च्या केबिनमध्ये, बोनेटशेजारी बसून जायचा. रस्ता मोकळा असला, मन जागेवर असलं, की दयाराम डाव्या हाताच्या बोटांनी स्टेअरिंगवर काहीतरी वाजवायचे. टक, टकटक, मग मध्येच एक पोकळी. मग पुन्हा टक, आणि पुन्हा पोकळी, आधीपेक्षा मोठी. ऐकणाऱ्याला वाटे आता चुकलं, आता पडलं, आणि नेमकं तेव्हाच बोट खाली येई. पोराच्या कानात ते घर करून बसलं. मोठेपणी त्यानं तेच ड्रमच्या लोखंडी काठावर, एकाच काडीनं वाजवलं, आणि त्याभोवती गाणं उभं राहिलं. उतरायचा थांबा मागे गेला तरी गाडीत बसून राहिलेल्या एका माणसाचं गाणं. पोकळी आली की गिटारही थांबे, प्रतीक्षाही थांबे. पुण्यात ज्यानं सगळे आवाज जुळवून दिले त्यानं कळवलं, “या रिकाम्या जागा कुणी शोधल्या? त्यांना कुणी हात लावू नका.” कंपनीनं ठरवलं, लोकांपुढे पहिलं गाणं हेच जाईल.

अश्वजितनं ते घरी लावलं तेव्हा दयाराम जेवत होते. दोन घास खाल्ले आणि हात थांबला.

“हे तं माहं हाय बे!”

“तुमचंच हाय पप्पा. गान्याचं नाव बी स्टेअरिंग हाय.”

“माहं बी नाई तसं,” दयाराम म्हणाले, आणि त्यांचा चेहरा कधी नव्हे तो सैल झाला. “आबाजीचं हाय, माह्या आज्याचं. आबाजी खाटल्यावर पडून राहे ना, तवा खाटल्याच्या लाकडावर वाजवे. मी लहान होतो, मले रिझवासाठी. मी बाजूले बसून टाळ्या वाजवो.”

दयाराम तोवर निवृत्त झाले होते. पुढचे काही दिवस निवृत्त ड्रायव्हरांच्या चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. ज्यांना रॉक म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, त्यांनीही ‘स्टेअरिंग’ दोन-दोनदा ऐकलं. दयाराम प्रत्येकाचा चेहरा बघत. आयुष्यभर प्रवाशांना पोचवून घरी आलेला हा माणूस, त्याच्या नावावर जगात काहीतरी राहणार होतं. आनंदानं माणूस थोडा येडा होतो, तसे ते झाले होते.

मग एक दिवस मेहकर फाट्यावर ते स्कूटरवर अडकले. पुढे सोयाबीनचा टेम्पो, मागे जीप, आणि बाजूनं एक अंत्ययात्रा आली. पुढे दोघं डफडं वाजवत होते. एरवी दयाराम गाडी वळवून निघून गेले असते. स्कूटरला काच नसते. आवाज सरळ अंगावर आला. त्यांनी दात दाबून धरले, नजर टेम्पोच्या पाटीवर ठेवली, आणि तेवढ्यात त्यांना जाणवलं की हँडलवर आपली डाव्या हाताची बोटं हलताहेत. टक, टकटक. आणि ती त्या डफड्यात बसत होती. कुठे खटकत नव्हती, कुठे मागेपुढे होत नव्हती. कुलपात चावी बसावी तशी बसत होती.

टेम्पो हलला, मागून हॉर्न वाजायला लागले, तरी दयाराम तिथेच. शेवटी कुणीतरी ओरडलं तेव्हा ते भानावर आले.

संध्याकाळी अश्वजित घरी आला. चपला काढतोय तोच बापानं सांगितलं, “ते गानं काढून टाक.”

“कोन्तं?”

“स्टेअरिंग. ते मौतीचं वाजवनं हाय. आबाजीनं जे चुलीत घातलं, तेच तू जगाले आयकवून राह्यला. अन् मी, मी येडा, चहाच्या टपरीवर सांगत फिरलो.”

अश्वजितला आधी वाटलं बाप गंमत करतोय. मग त्यानं त्यांचे डोळे पाहिले.

दुसऱ्या दिवशी शौनक आणि प्रतीक्षा घरी आले. कंपनीला काही बदल कळवायला चार-पाच दिवस उरले होते. सिंधूताईंनी चहा ठेवला, कुणी कपाला हात लावेना. दयारामांनी आजोबांची हकीकत सांगितली, त्यांचे वडील सांगत तशीच. ऐकून शौनक हळहळला. पोरगा मनाचा चांगला, पण चांगल्या मनाचं माणूसही कधीकधी नको तिथं पाय ठेवतं.

“काका,” तो म्हणाला, “पण ही तर किती मोठी परंपरा आहे आपली. लपवायची कशाला? उलट अभिमानानं सांगू ना आपण.”

“शौनक, बेटा,” दयारामांचा आवाज चढला नाही, हेच जास्त लागणारं होतं, “ ‘आपली’ नको म्हनू. वाजवनारे एक होते अन् वाजवून घेनारे एक होते. अभिमान कोनी कराचा ते आंधी ठरवा लागते.”

शौनकचे कान लाल झाले. तो “चुकलो काका” म्हणाला आणि ते मनापासून म्हणाला.

मग अश्वजित बोलला. “पप्पा, तुम्ही म्हनसान तसं. मी आत्ता फोन करतो पुन्याले. पन एक आयकून घ्या. बाकीच्या गान्यात मी जे वाजवलं ते दुसरं कोनी बी वाजवू शकते. हे एक गानं गेलं, तं ह्या अल्बममधी मी कुठीच नाई.”

दयारामांना ते ऐकू आलं आणि कळलंही. एकीकडे आजा, ज्यानं उपाशी राहून एक गोष्ट सोडली. दुसरीकडे पोरगा, ज्यानं न कळत तीच गोष्ट आपली म्हणून उचलली. आणि मधे आपण, दोघांना जोडणारा दलाल. त्यांनी स्वतःला एक शिवी दिली.

प्रतीक्षा गणिताची बाई. तिनं हळूच विचारलं, “काका, काढायचं तर काढूच. पन तुम्हाले पक्कं मालूम आहे का, ते तेच आहे? की वाटलं तुम्हाले?”

दयाराम उत्तर द्यायला गेले आणि अडकले. पक्कं? मौतीचं वाजवणं जन्मात एकदा तरी नीट ऐकलं होतं त्यांनी? काचा बंद करून, कानात बोटं घालून ज्याच्याकडे आयुष्यभर पाठ फिरवली, ते ओळखणार कसं? शत्रूचं तोंडच कधी पाहिलेलं नव्हतं.

“मालूम नाई,” ते म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

“सोजरा आत्याबाई जित्ती हाय ना अजून,” सिंधूताई दारातून म्हणाल्या. “तिच्या बापाचं हाय, तिले इचारा.”

सोजराबाई म्हणजे रंगरावांची धाकटी लेक, दयारामांची आत्या. नवरा गेल्यावर माहेरच्या गावात परत आलेली आणि तिथंच टिकलेली. बापलेक दुसऱ्या दिवशी डोणगावच्या बसनं निघाले. ड्रायव्हरनं दयारामांना ओळखून पुढं बोलावलं, केबिनमध्ये बसा म्हणाला, ते गेले नाहीत. सगळा रस्ता डावा हात उजव्या मुठीत धरून बसले होते. डोणगावहून जीप केली.

सोजराबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. दात एकही नव्हता, बोलणं मात्र चावरं होतं.

“जयभीम आत्या.”

“जयभीम. काऊन आला? कोन मेलं?”

“कोनी नाई मेलं. एक वाजवनं आयकवाचं हाय तुले.”

“काय?”

“वाजवनं!”

कानानं तिला कमी ऐकू येई. अश्वजितनं घरातून एक मोठं पातेलं आणलं आणि त्यात फोन ठेवून गाणं लावलं, म्हणजे आवाज घुमतो. लोखंडी काठावरची काडी सुरू झाली. टक, टकटक, पोकळी. म्हातारीचे शेंगा सोलणारे हात सावकाश थांबले. प्रतीक्षाचा आवाज सुरू व्हायच्या आतच तिनं हात वर केला.

“बंद कर.”

अश्वजितनं बंद केलं.

“हे कोनं शिकवलं?”

“आबाजीनं,” दयाराम म्हणाले. “खाटल्यावर वाजवे ना तो. मी बाजूले बसो.”

“कोन्या हातानं वाजवे?”

हा काय प्रश्न झाला? दयारामांनी डोळे मिटले. खाट आठवली, तिचा सैल झालेला सुंभ, गोधडीचा वास. लाकडावर आपटणारी काळी, गाठी आलेली बोटं. ती भिंतीच्या बाजूला नव्हती, आपल्या बाजूला होती. “डाव्या.”

“डाव्याच. उजवा तं मेल्ता. अंगावरून वारं गेल्तं त्याच्या.” म्हातारीनं दोन्ही हात पुढे केले, गळ्यात डफडं असल्यासारखे. “ह्या उजव्या हातात जाड टिपरू राहे. खरं वाजवनं त्याचं. ह्या डाव्यात बारीक काडी, ते मधले मधले दाने टाकाची. तुमच्या गान्यात निस्ते ते दानेच हायत. जेवनच नाई ताटात, चटनी हाय.”

अश्वजितला एकदम कळलं. पुण्याच्या माणसानं ज्यांना हात लावू नका म्हटलं होतं, ज्या जागा कुणी शोधल्या म्हणून तो विचारत होता, त्या कुणी शोधलेल्याच नव्हत्या. त्या एका लुळ्या पडलेल्या हाताच्या जागा होत्या.

“मंग मौतीचंच हाय का नाई हे?” दयारामांनी विचारलं. त्यासाठीच तर आले होते.

“अर्धं हाय.”

“आत्या, सोडलं होतं ना त्यानं? मंग वाजवलं काऊन?”

सोजराबाईनं हातातली शेंग टोपलीत टाकली. मग म्हणाली, “त्यानं सोडलं. हातानं नाई सोडलं. हाताले कोन समजावनार? लय लाज वाटे त्याले त्याची. सहदेवदादा घरात आला का हात गोधडीखाली घाले. मी आली का गोधडीखाली घाले. फक्त तुह्यासमोर वाजवे.”

“मले रिझवासाठी.”

“नाई रे येड्या. तुले मालूम नव्हतं म्हनून.”

दयारामांना आठवलं. बाप दारातून आत आला की आबाजींचा हात गोधडीखाली जायचा आणि आपण खिदळायचो. खेळ वाटायचा तो, लपाछपीचा. वाड्यावस्तीत, गावात, नात्यात, सगळ्या जगात त्या म्हाताऱ्याला आपला हात उघडा ठेवायला एकच माणूस सापडलं होतं, आणि ते टाळ्या वाजवत होतं. दयारामांनी शेंगांच्या टोपलीकडे बघायला सुरुवात केली.

“लाव पुन्हा,” म्हातारी म्हणाली.

गाणं पुन्हा सुरू झालं. टक, टकटक. आणि पोकळी आली तेव्हा सोजराबाईनं उजवी मूठ ओट्याच्या फळीवर हाणली.

धम्म.

पुढची पोकळी. धम्म, धम. ती मोठी पोकळी, जिच्यात सगळे श्वास रोखत, तिच्यात तीन ठोके पडले, आणि शेवटचा असा खालून वर आला की अंगणातली शेळी उठून उभी राहिली. एवढ्या वर्षांची म्हातारी, हाडं दिसणारा हात, पण कुठेही चूक नाही, घाई नाही. फोनमधली काडी नातवाच्या पोराची, फळीवरची मूठ लेकीची, आणि मधे जो होता तो जाऊन जमाना झाला होता. दयारामांनी जन्मात पहिल्यांदा ते सगळं, काच न लावता ऐकलं.

आणि त्यांना जे वाटलं त्याची त्यांना तयारी नव्हती. ते देखणं होतं. इतकं देखणं, की त्यांना राग आला. त्यांची आजवरची समजूत होती की आबाजींनी घाण टाकली. घाण टाकायला काय लागतं? आबाजींच्या हातात होतं त्यातलं सगळ्यात चांगलं त्यांनी विळ्यानं फाडलं होतं. त्याच्या जाळावर भाकरी भाजून खाल्ल्या होत्या. माणूस म्हणून उभं राहायला एवढं द्यावं लागलं होतं, आणि हे घरात कुणी कधी सांगितलं नव्हतं, कारण कदाचित कुणाला माहीत नव्हतं. दयाराम तोंड फिरवून रडले.

मूठ मधेच थांबली.

“आजी,” अश्वजित पुढं सरकत म्हणाला, “अजून एक डाव. मी रेकॉर्ड करून घेतो.”

“नाई.”

“एकच डाव, आजी. तुह्यानंतर कोनाले मालूम राहीन हे?”

“कोनालेच नाई. राह्याचं बी नाई,” सोजराबाई म्हणाली. तिनं पुन्हा शेंग हातात घेतली. “डावा हात त्यानं ह्या पोट्ट्याजवळ उघडा केला, तो त्यानं देल्ला. तो तुमचा. वाजवा, गा, काय कराचं ते करा. उजवा त्यानं कोनाले देल्ला नाई. वारं तं मांगून आलं, बापा. उजवा हात त्यानं आंधीच बंद केल्ता. मी कोन उघडनार?”

“मंग गानं ठेवू?”

“ठेव ना. पन त्या जागा खाली ठेव. भरू नको.” आणि मग दयारामांकडे बघून, “रडून राह्यला काय बायकांवानी? चहा मांडा कोनीतरी.”

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले होते. मेहकरला गाडी रिकामी झाली, पुन्हा भरली. मग अश्वजित खिडकीबाहेर बघत म्हणाला,

“पप्पा, मले ते बसलं हातात. उजवं. एकदा आयकलं का बसते मले.”

“मालूम हाय मले.”

“मी नाई वाजवनार ते. शेडमधी बी नाई. एकटा असलो तरी नाई.”

“मी तुले सांगतलं नाई, वाजवू नको म्हनून.”

“तुम्ही सांगतलं नाई म्हनूनच.”

दयारामांच्या बापानं नाही म्हटलं ते आबाजींमुळं. त्यांनी स्वतः नाही म्हटलं ते बापामुळं. आणि हा, ज्याला कुणी अडवलेलं नाही, ज्याच्या हातात ते आख्खं आलंय, ज्याला त्याची किंमत काड्या धरणारा म्हणून त्या दोघांपेक्षा जास्त कळते, तो ते रंगरावांसारखं, जाणूनबुजून खाली ठेवत होता. त्यांनी पोराच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि चिखली येईपर्यंत काढला नाही.

अल्बम निघाला. फार मोठं काही झालं नाही, अशा गाण्यांचं फार मोठं होतही नाही, पण ‘स्टेअरिंग’ पोरापोरांत फिरलं. पुण्यातून, नागपुरातून लोक विचारू लागले, हा ताल कुठला? शौनकला विचारलं की तो म्हणे, “अश्वजितच्या घरचा आहे, त्यालाच विचारा.” अश्वजित म्हणे, “माह्या पणजोबाचा हाय,” आणि तिथंच थांबे. कार्यक्रमात ते गाणं आलं की तो उजवा हात मांडीवर ठेवी आणि एकाच हातानं वाजवी. लोकांना वाटे ही काहीतरी स्टाईल आहे.

चैत्रात सोजराबाई गेली. वस्तीतल्या बायकांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं, पोरांनी खांदा दिला. तिरडीपुढे काही वाजलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी अश्वजित फोन हातात घेऊन बापाकडे आला. चेहरा उतरलेला होता. कुठल्याशा शहरातल्या एका हुशार पोरानं ‘स्टेअरिंग’ लावून, त्यातल्या रिकाम्या जागा आपल्या ड्रमनं भरून व्हिडिओ टाकला होता. लोक वाहवा करत होते. गाणं आता पूर्ण झालं, असं कुणीतरी खाली लिहिलं होतं.

“लाव,” दयाराम म्हणाले.

पोरगं खरंच चांगलं वाजवत होतं. पहिली जागा आली, त्यानं भरली. दुसरी भरली. दयाराम खुर्चीच्या कडेला आले होते. मग ती मोठी जागा आली, जिच्यात म्हातारीचे तीन ठोके पडले होते, आणि दयारामांनी श्वास रोखून धरला. पोरानं तिथं भरमसाट ठोके टाकले, पाऊस पाडल्यासारखे, सगळे सुरेख आणि सगळे भलतेच.

“चुकला,” दयाराम म्हणाले.

“हाव,” अश्वजित म्हणाला. “साफ चुकला.”

दयारामांनी सुटकेचा श्वास सोडला आणि मग त्यांना एकदम हुंदका आला, कारण बरोबर काय होतं ते सांगणारं आता त्या दोघांशिवाय जगात कुणी नव्हतं, आणि ते दोघं सांगणार नव्हते.